गेटपाशी कोण उभं आहे?

*आमच्या मोटरसायकल क्लबला १४ वर्षं झाली. सभासद चाळीसच्या आसपास. दरवर्षी दोन दिवसांची रॅली असते. गेल्या वर्षी पहिल्यांदाच ती बाहेरच्यांसाठी खुली केली. ११ नवे रायडर आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यांतल्या ७ जणांनी काढता पाय घेतला. भांडण नाही, तक्रार नाही, नुसते निघून गेले. एक मुलगी तर पहिल्याच संध्याकाळी गेली. गेटमधून आत वळताना खडीवर तिची गाडी आडवी झाली आणि समोर बसलेले आमचे काही जण हसले. यंदा नियोजन माझ्याकडे आहे. जुने सभासद म्हणतात, ‘नव्यांची एवढी काळजी घेत बसलात तर रॅलीची शाळा होईल, मग आम्ही कशाला यायचं?’ मी राइडमध्ये कायम मागे, स्वीपला असतो. नव्यांना आणि जुन्यांना, दोघांनाही आपली वाटेल अशी रॅली कशी करायची? आणि त्या मुलीला आता फोन करावा का?*
*— शेवटची गाडी*

नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या ‘समोर बसलेले आमचे काही जण’ या शब्दांपाशी मी अडले. ते हसले हे वाईटच, पण त्याआधी ते बसलेले होते. एक रायडर कित्येक तास गाडी चालवून येते, तिथे कुणालाही ओळखत नाही, थकलेल्या हातांनी दोनशे किलोंची गाडी खडीवर वळवते, आणि तिच्यासाठी एकही माणूस जागचा उठलेला नाही. तिथे एक जण उभा असता आणि त्याने नुसता हात करून ‘या कडेने घ्या, तिकडे खडी सुटी आहे’ असं सांगितलं असतं, तर गाडी बहुधा पडलीच नसती. पडली असती तरी उचलायला तो होता.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते. जुन्या सभासदांना या वर्षी पाहुणे म्हणून बोलावू नका, यजमान म्हणून बोलवा. १४ वर्षं ते येतात, ठरलेल्या जागी बसतात, ठरलेल्या गप्पा मारतात. आता त्यांना वाटतंय की नव्यांसाठी जे काही होईल ते आपल्या वाट्यातून जाणार. तसं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या घरी कुणी येणार असेल तर माणूस अंगण झाडताना कुरकुरत नाही. दुसऱ्याच्या घरी जाऊन ताटकळावं लागलं की कुरकुरतो. त्यांना हे घर तुमचं आहे असं नुसतं सांगून भागणार नाही, त्यांच्या हातात काहीतरी द्यावं लागेल. ते काय, हेच खाली लिहिते.

माझी पहिली रॅली मला अजून आठवते. मी एकटी पोचले, गाडी लावली आणि जवळजवळ वीस मिनिटं सामानाचे पट्टे घट्ट करत उभी राहिले. पट्टे आधीच घट्ट होते. हातांना काम नसलं तर मी एकटी आहे हे सगळ्यांना दिसेल, एवढंच मनात होतं. मग एक वयस्कर गृहस्थ आले. हातात चपटा केलेला पत्र्याचा तुकडा. काही न विचारता वाकले, माझ्या साइड स्टँडखाली तो सरकवला आणि म्हणाले, ‘माती मऊ आहे, रात्रीतून स्टँड रुतेल.’ मग विचारलं, ‘शेवटच्या टप्प्यात वारा आडवा होता ना?’ गाडी किती सीसीची, किती वर्षं चालवता, हे त्यांनी विचारलंच नाही. वाऱ्याबद्दल मी पंधरा मिनिटं बोलले. त्या पत्र्याच्या तुकड्यामुळे मी दोन दिवस राहिले.

तेव्हा सुरुवात गेटपासून करा. रॅलीच्या आदल्या दिवशी शेवटचे दोनशे मीटर पायी चाला, आणि मग सामान लादलेली गाडी घेऊन तेच अंतर चालण्याच्या वेगाने कापा. पडायची जागा तुम्हाला लगेच कळेल. हँडल वळलेलं, वेग जवळजवळ शून्य, आणि चाकाखाली सुटी खडी. अशा वेळी घाबरून पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सरकतं आणि गाडी खाली बसते. जोर लावूनही ती सावरता येत नाही. नव्यालाच असं होतं असंही नाही, जुन्याला ती जागा पाठ असते एवढाच फरक. वळणावरची खडी झाडून एका गाडीपुरती स्वच्छ पट्टी करा, दोन्ही बाजूंना खुणा लावा. फळ्या टाकू नका, ओल्या झाल्या की त्या खडीपेक्षा वाईट.

पार्किंगची जागा सपाट आणि टणक निवडा, आणि गाड्या तोंड बाहेरच्या दिशेला करून लावायला सांगा. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी सकाळी मागे ढकलत काढणं हे नव्या रायडरचं दुःस्वप्न असतं, तेही सगळे बघत असताना. स्टँडखाली ठेवायला पत्र्याचे किंवा लाकडाचे तुकडे टोपलीभर ठेवा.

आणि गेटवर माणूस उभा करा. दोन-दोन तासांच्या पाळ्या लावा, पण एक मिनिटही जागा रिकामी नको, अंधार पडल्यावर तर नकोच. उशिरा येणाऱ्यालाच त्याची सगळ्यात जास्त गरज असते. गेल्या वर्षी हसलेल्यांपैकी एकाला पहिली पाळी द्या. शिक्षा म्हणून नव्हे. खडी नेमकी कुठे सुटी आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि एकदा त्याने तिथे दहा गाड्या नीट आत घेतल्या की अकरावी डगमगली तर तो हसणार नाही, धावेल.

नोंदणीचं टेबल गेटवरून दिसेल असं ठेवा, पण हेल्मेट काढून पाणी पिऊन होईपर्यंत कुणाच्या हातात फॉर्म देऊ नका. येणाऱ्याला तेव्हा तीनच गोष्टी हव्या असतात. गाडी कुठे लावू, रात्री कुठे झोपू, आता पुढे काय आहे. बाकीचं तासाभराने सांगितलं तरी चालतं.

यातलं निम्मं तर ते येण्याआधीच सांगता येईल. आठ-दहा दिवस आधी प्रत्येक नव्याला एक पत्र पाठवा, आणि त्यात जे विचारायला माणूस लाजतो त्याची उत्तरं लिहा. माझी गाडी लहान आहे, चालेल का? शेवटचा रस्ता कच्चा आहे का आणि किती? राइडला न जाता नुसतं बसलं तर कुणी काही म्हणेल का? मागे बसणारी व्यक्ती आणली तर तिने दिवसभर करायचं काय? मध्येच निघावंसं वाटलं तर कुणाला सांगायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आवर्जून लिहा. गेल्या वर्षी ते सात जण न सांगता गेले, कारण सांगावं असं माणूसच त्यांना भेटलं नव्हतं. पत्राखाली एका खऱ्या माणसाचं नाव आणि नंबर हवा. ‘आयोजन समिती’ला कुणी फोन करत नाही.

नवे म्हणजे सगळे एकाच जातीचे नव्हेत, हेही लक्षात ठेवा. एखादा गाडीवर वीस वर्षं मुरलेला असतो, फक्त तुमच्या क्लबात नवा असतो. एखादीने चार महिन्यांपूर्वी लायसन्स काढलेलं असतं. कुणी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा गाडी घेतलेली असते. पहिल्याला क्लचवर प्रवचन दिलंत तर तो दुखावेल, दुसरीला दिलं नाहीत तर ती घाबरेल. म्हणून नव्यांच्या हाताला वेगळ्या रंगाचा पट्टा वगैरे बांधू नका. खूण यजमानांना लावा. ठळक रंगाचं जाकीट किंवा दंडावर पट्टी, जेणेकरून विचारायचं कुणाला हे लांबून दिसेल. नावं मात्र सगळ्यांची असू द्या. मास्किंग टेपच्या तुकड्यावर मार्करने ठळक नाव लिहून जाकिटावर चिकटवा, चौदा वर्षं जुन्या माणसाच्यासुद्धा. एकमेकांना टोपणनावांनी हाका मारणाऱ्या घोळक्यात नव्या माणसाला सगळ्यात आधी नावंच कळत नाहीत.

एका यजमानाकडे दोनच नवे द्या. अकरा आले तर सहा यजमान पुरतात. काम मोठं नाही. पोचल्यावर भेटायचं, पहिल्या जेवणाला बरोबर बसायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी ‘झोप लागली का’ विचारायचं, आणि अजून दोघांशी ओळख करून द्यायची. ओळख करून देताना ‘हे नवीन आहेत’ म्हणू नका. ‘यांचाही मागचा टायर आत्ताच बदललाय, तुम्हाला कुठला बरा वाटला ते सांगा’ असं काहीतरी धरा. दोन रायडरना टायर, चेन किंवा पाऊस यांतला एक विषय दिला की तिसऱ्या माणसाची गरज उरत नाही.

स्टेजवर बोलावून ‘स्वतःविषयी दोन शब्द’ सांगायला लावू नका. मी हे खूप ठिकाणी पाहिलंय आणि मला ते मुळीच आवडत नाही. ज्याला बोलता येतं त्याला त्याची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याची आदली रात्र वाया जाते.

जुन्यांशी बोलताना तुम्हाला दोन जुन्या गोष्टी उपयोगी पडतील. जर्मनीत १९५६ मध्ये एर्न्स्ट लेव्हरकुस नावाच्या मोटरसायकल पत्रकाराने ऐन हिवाळ्यात एक मेळावा बोलावला. तो होता झुंडाप केएस ६०१ या एकाच गाडीच्या मालकांसाठी. त्या गाडीला ‘हिरवा हत्ती’ म्हणत, म्हणून मेळाव्याचं नाव एलेफांटनट्रेफेन, म्हणजे हत्तींची भेट. आले जेमतेम वीसेक जण. पुढे तो सगळ्या गाड्यांना खुला झाला. झुंडापचा मोटरसायकल कारखाना कधीच बंद पडला, मेळावा मात्र आजही बर्फात भरतो. अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या स्टर्जिसला जॅकपाइन जिप्सीज या छोट्या क्लबने १४ ऑगस्ट १९३८ रोजी पहिली रॅली भरवली, तेव्हा एकच शर्यत होती आणि धावणारे नऊ. २०१५ साली तिथे ७ लाखांहून जास्त माणसं आली. तुम्हाला सात लाख नको आहेत, माझाही तिथे जीव गुदमरेल. पण ‘आमची ती खरी रॅली’ म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा की हत्तींची भेट बाकीच्या गाड्यांना बोलावलं म्हणून टिकली.

आता राइड. तुमचे सात जण इथेच गळले असावेत असा माझा अंदाज आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चाळीस गाड्यांची रांग फोटोत देखणी दिसते, रस्त्यावर ती डोकेदुखी असते. साधा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दोन गाड्यांत एकेक सेकंदाचं अंतर धरलं तरी चाळिसांची रांग साडेसहाशे मीटरच्या वर जाते. पुढच्याने सिग्नल ओलांडला तेव्हा मागच्याला सिग्नल दिसतसुद्धा नाही. शिवाय पुढे कुणी जरा वेग कमी केला की तो धक्का मागे मागे वाढत जातो. लीड, म्हणजे सगळ्यात पुढचा रायडर, निवांत ६० ने चाललेला असतो आणि शेवटचे तिघे कधी ३० वर येतात, कधी ९० ने पाठलाग करतात. तुम्ही स्वीपला असता, तुम्हाला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आणि नव्या रायडरला आपण कुठे घालतो? मागे. ‘सावकाश या, घाई नाही’ असं प्रेमाने सांगून आपण त्याला रांगेतल्या सगळ्यात अवघड जागी ढकलतो.

त्याला लीडच्या लगेच मागे घ्या. तिथे वेग एकसारखा असतो, लीडला आरशात तो दिसतो, आणि लीड वळणात कुठून शिरतो, ब्रेक कधी लावतो हे त्याला समोर बघून शिकता येतं. न सांगता शिकवण्याची याहून चांगली जागा नाही. अमेरिकेतलं मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन गट पाच ते सात गाड्यांचे ठेवायला सांगतं, आणि माझा अनुभवही तोच. सात गाड्यांची रांग त्याच वेगाला शंभर मीटरच्या आसपास मावते. प्रत्येक गटाला स्वतःचा लीड, स्वतःचा स्वीप. म्हणजे तुमच्या चाळीस-पन्नास गाड्यांना सात-आठ लीड आणि तितकेच स्वीप लागतील. ‘आम्ही कशाला यायचं?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. सोळा अनुभवी माणसांशिवाय ही राइड निघूच शकत नाही.

स्टॅगर्ड फॉर्मेशन तुम्ही पाळतच असाल. लीड लेनच्या एका बाजूला, दुसरा एक सेकंद मागे दुसऱ्या बाजूला, तिसरा पुन्हा लीडच्या रेषेत आणि त्याच्यापासून निदान दोन सेकंद मागे. नव्यांना हे बोलून सांगू नका, पार्किंगमध्ये सात गाड्या उभ्या करून दाखवा. आणि वळणं, खराब रस्ता किंवा पाऊस आला की सरळ एका रांगेत, प्रत्येकाला अख्खी लेन. हे लीडने स्वतःहून जाहीर केलं पाहिजे, कारण नवा रायडर फॉर्मेशन मोडायला घाबरतो आणि चुकीच्या रेषेत वळणात शिरतो.

आता चुकण्याची भीती. नव्या माणसाला वेगापेक्षा हीच जास्त असते, आणि ती घालवली की वेग आपोआप कमी होतो. प्रत्येक फाट्यावर लीडच्या मागचा रायडर सुरक्षित जागा बघून थांबतो, हाताने वळण दाखवतो, सगळा गट पुढे जाईपर्यंत हलत नाही. स्वीप दिसला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर आता लीडच्या मागे आलेला दुसरा थांबतो. ही पद्धत बऱ्याच क्लबात आहे, पण तिचा खरा फायदा फार थोड्या लोकांनी हेरलाय. समोरची गाडी नजरेआड झाली तरी रस्ता चुकत नाही, म्हणून कुणाला कुणाच्या मागे धावावं लागत नाही. नव्याच्या पहिल्या एक-दोन पाळ्यांना त्याच्यासोबत त्याच्या यजमानाला थांबवा. तिसऱ्या पाळीला तो एकटा उभा राहील, मागच्या सगळ्या गाड्या त्याच्याकडे बघून वळतील, आणि संध्याकाळी तो आपण काय काम केलं ते सांगत असेल.

मी एकदा हे केलं नव्हतं. लीडला होते, रस्ता सरळसोट होता, एकाच फाट्यावर कुणाला तरी थांबवायला हवं होतं. आरशात हेडलाइट दिसत होते, म्हणून पुढे गेले. मागे कुणाचा तरी टायर पंक्चर झाला होता, स्वीप त्याच्यापाशी थांबला होता, आणि मधे एक नवा मुलगा एकटाच उरला होता. तो फाट्यावर चुकीच्या रस्त्याला लागला. आम्हाला तो सापडला तेव्हा रस्त्याच्या कडेला हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. ‘माझ्यामुळे सगळ्यांचा वेळ गेला, माफ करा,’ असं तो मला म्हणाला. चूक माझी, माफी त्याने मागितली. त्यानंतर मी कानाला खडा लावला. आरशातले हेडलाइट मोजायचे नाहीत, फाट्यावर माणूस सोडायचा.

नोंदणीत ‘तुम्ही किती अनुभवी आहात’ हा प्रश्न असेल तर काढून टाका. त्याचं खरं उत्तर कुणी देत नाही. भित्रा कमी सांगतो, धाडसी जास्त. त्याऐवजी विचारा, ही गाडी तुमच्याकडे किती महिने आहे? एका दिवसात जास्तीत जास्त किती किलोमीटर चालवलीय? कच्च्या रस्त्यावर नेलीय का? पहिल्या प्रश्नाला भक्कम कारण आहे. हॅरी हर्ट या अमेरिकन संशोधकाच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला. १९८१ च्या त्या अहवालात असं दिसलं की अपघात झालेल्या निम्म्याहून जास्त रायडरना ती विशिष्ट गाडी चालवून पाच महिनेही झाले नव्हते, जरी रस्त्यावर गाडी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. म्हणजे नवी गाडी घेतलेला तुमचा जुना सभासदही काही महिने नवाच असतो. हा प्रश्न सगळ्यांना विचारला की नव्यांना वेगळं काढल्यासारखंही होत नाही.

राइड दोन ठेवा आणि दोन्हींची नावं खरी द्या. ‘सोपी’ आणि ‘अवघड’ म्हटलं की सोपीला जायची लाज वाटते. ‘९० किलोमीटर, तीन थांबे, सगळा डांबरी रस्ता, दुपारी परत’ आणि ‘२८० किलोमीटर, घाट, १२ किलोमीटर कच्चा रस्ता, अंधारापूर्वी परत’ असं फळ्यावर लिहा. ज्याचं त्याला कळतं. इंधनाचे थांबे सगळ्यात लहान टाकीवर ठरवा. हार्लेच्या फोर्टी-एटची टाकी ८ लिटरच्या आतबाहेर, बीएमडब्ल्यूच्या जीएस अ‍ॅडव्हेंचरची ३० लिटरची. मोठ्या टाकीवाला थांबा ठरवतो आणि लहान टाकीवाला दिवसभर काट्याकडे बघत गाडी चालवतो.

लांबची राइड ही जुन्यांची ठेव आहे, ती त्यांना तशीच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पहाटे निघू दे, त्यांच्या वेगाने, त्यांच्या रस्त्याने. एवढंच सांगा की गाड्या गेटपर्यंत ढकलत न्या आणि तिथे सुरू करा. झोपलेल्यांच्या उशाशी सायलेन्सर वाजायला नको. त्यांची रात्रीची शेकोटीही त्यांच्याकडून काढून घेऊ नका. फक्त बसायची जागा गोल असू द्या आणि गोलात दोन-चार खुर्च्या मुद्दाम रिकाम्या. भरलेल्या गोलाबाहेर उभं राहून ‘बसू का?’ विचारायला फार धीर लागतो.

निघण्याआधीचं ब्रीफिंग दहा मिनिटांत, गाड्यांपाशी उभं राहूनच उरका. रस्ता, हाताच्या खुणा, फाट्यांची पद्धत, काही झालं तर फोन कुणाला. चाळीस मिनिटं नियम वाचून दाखवले तर मात्र तुमचे जुने सभासद म्हणतात ती शाळा होईल.

दारूबद्दल स्पष्ट राहा. गाडीची किल्ली त्या दिवसापुरती ठेवून दिल्याशिवाय एक घोटही नाही, आणि हे अध्यक्षापासून सगळ्यांना. हर्ट अहवालात जिवावर बेतलेल्या जवळजवळ निम्म्या अपघातांत दारू होती. या एका बाबतीत जुन्यांची नाराजी ओढवली तरी चालेल.

खेळ ठेवायचा तर स्लो रेस ठेवा. ठरलेलं अंतर जो सगळ्यात सावकाश कापेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. लहान गाडीवालीने मोठ्या गाडीवाल्या तिघांना हरवलेलं मी पाहिलंय. जे हरले तेच तिला नंतर क्लच कसा धरला ते विचारत होते.

आणि गाडी पुन्हा पडली तर? पडेलच कुणाची तरी. आधी माणसाकडे बघा, गाडीकडे नाही. ‘लागलं का?’ हा पहिला शब्द. मग इंजिन बंद, पेट्रोल सांडतंय का ते पाहायचं, आणि उचलायला हात लावण्याआधी ‘उचलू का?’ असं विचारायचं. काहींना ती स्वतः उचलायची असते. ती उजव्या अंगावर पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाते. उचलून झालं की फोटो नाही, किस्सा नाही. तो किस्सा सांगायचा हक्क फक्त पडलेल्याचा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. फोन करू नका. अचानक फोन आला की समोरच्याला तिथल्या तिथे गोड बोलावं लागतं. मेसेज लिहा, पण आज नको, गेटवरची खडी झाडून झाल्यावर. म्हणजे त्यात लिहाल ते खरं असेल. आणि तिला तुम्ही पत्रात ‘मुलगी’ म्हटलंय, मेसेजमध्ये रायडर म्हणून लिहा. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लिंडा ड्युगो या रायडर बाईंनी गाडी चालवणाऱ्या बायका शोधण्यासाठी पत्रं पाठवायला सुरुवात केली. त्यातून १९४० मध्ये ५१ जणींचा मोटर मेड्स हा क्लब उभा राहिला, तो आजही आहे. मनापासून लिहिलेलं पत्र लांब जातं, म्हणून चार ओळी नीट लिहा:

‘गेल्या वर्षी आमच्या गेटवर तुमची गाडी पडली तेव्हा आमचे लोक हसले आणि मदतीला कुणी आलं नाही. ही आमची चूक होती, त्याबद्दल माफी मागतो. ती खडी आता काढली आहे आणि गेटवर कायम एक जण असेल. यंदाच्या तारखा खाली देतोय. यायलाच हवं असं नाही, पण आलात तर आनंद होईल.’

एवढंच. ‘त्यांचा हेतू तसा नव्हता’ हे वाक्य घालू नका, कितीही खरं असलं तरी. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवू नका. बाकीच्या सहा जणांनाही लिहा, पण त्यांना एकच प्रश्न विचारा: तुम्ही निघायचं कधी ठरवलं, आणि तेव्हा काय चाललं होतं? उत्तरं येतील ती जुन्या सभासदांसमोर वाचून दाखवा, नावं न घेता.

आणि तुम्ही स्वीपलाच राहा, लीडच्या मोहात पडू नका. कोण मागे पडतंय, कोण गप्प झालंय हे तिथूनच दिसतं, आणि ते बघायची सवय तुम्हाला आहे, नाहीतर सात हा आकडा तुमच्या लक्षात राहिला नसता. बरोबर पंक्चर किट आणि प्रथमोपचार पेटी असेलच. त्यात लिव्हर वाढवा. उभ्या जागी पडलेल्या गाडीचा बहुतेक वेळा क्लचचा नाहीतर पुढच्या ब्रेकचा लिव्हर मोडतो, आणि तेवढ्या एका तुकड्यापायी माणसाची रॅली संपते. नोंदणीत मॉडेल विचारून ठेवलंत तर जास्त येणाऱ्या चार-पाच गाड्यांचे लिव्हर तुमच्या बॅगेत सहज मावतील.